‘मॉरिसन्स जिग’ म्हणे आपला राग काफी!

डब्लिनला फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, शिकणाऱ्या भाचीला हा फॉरवर्ड घरूनच गेला, आणि ती तो वर्गात वाचून दाखवणार आहे. म्हणून आत्ताच लिहितो. मजकूर थोडक्यात असा: आयर्लंडची प्रसिद्ध नाचाची चाल ‘मॉरिसन्स जिग’ म्हणजे राग काफी. २००० वर्षांपूर्वी केल्ट पुरोहितांनी तो भारतातून नेला, मॉरिसन नावाच्या संताने जपला. इंग्रजांनी नाचावर बंदी घातली म्हणून आयरिश लोक हात न हलवता नाचतात. आणि चाल मूळची ४३२ हर्ट्झची, म्हणजे ‘ए’ हा सूर सेकंदाला ४३२ कंपनांवर लावलेली.

आधी काफी. ही चाल पाश्चात्त्य ‘ई’ सुरावर उभी आहे. ‘ई’ला सा धरलं तर ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. काफी थाटाचेच सात स्वर, हे मान्य करावं लागतं. पण हीच स्वरपंक्ती युरोपात डोरियन म्हणून चर्चच्या गायनात शतकानुशतकं आहे. शिवाय नुसत्या सात स्वरांनी राग होतो का? काफी ‘सासा रेरे गग मम प’ अशी पायरी न सोडता चढते. मॉरिसन्स पहिल्याच मापात (सहा मात्रांच्या खंडात) सा-वरून थेट प-वर उडी घेते, दुसऱ्यात ‘सापसा मरेनी’ करत मंद्र निषादावर, म्हणजे खालच्या नी-वर, उतरते. ‘मरेनी’ म्हणजे सरळ ‘डी’चा कॉर्ड, ‘डी’वर उभा असलेला तीन सुरांचा गट. ‘ई’ आणि ‘डी’ या शेजारच्या दोन सुरांवर आळीपाळीने रेलायचं, ही आयरिश आणि स्कॉटिश चालींची जुनी खोड. धैवत तर प्रचलित पाठात पहिल्या आठ मापांत एकदाच येतो, तोही उतरताना, ‘नीधप’मध्ये. याला काफी म्हणणाऱ्याने काफी ऐकलेला नाही.

संत मॉरिसन! जेम्स मॉरिसन (१८९३–१९४७) हा आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवादक, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला. चाल त्याने रचलीही नाही. आयर्लंडमधल्याच केरीच्या टॉम कारमोडी या अकॉर्डियनवाल्याकडून ती त्याने घेतली आणि १९३६ मध्ये ‘मॉरिस कारमोडीज फेव्हरिट’ या नावाने तिची रेकॉर्ड काढली. मॉरिस म्हणजे टॉमचे वडील. त्यांच्याकडे तिचं नाव होतं ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’. रेकॉर्डवरून शिकणाऱ्यांनी चालीला मॉरिसनचं नाव चिकटवलं.

म्हणूनच चालीचा माग काढताना नावावर जायचं नसतं. एका चालीला पाच नावं असतात, एका नावाच्या पाच चाली निघतात. वजनाच्या मात्रांवरचे स्वर तेवढे लिहून काढायचे. इथे पहिल्या चार मापांत ते सा-प, सा-म, सा-प, नी-म असे येतात. पट्टी बदलली तरी हा सांगाडा टिकतो. मग आयरिश चाली गोळा करणाऱ्या ओ’नीलच्या १९०७ च्या १००१ चालींच्या संग्रहासारख्या छापील पुस्तकांशी आणि जुन्या रेकॉर्डशी तो ताडायचा. दोन्ही भागांनी शोधायचं, कारण काही वादक भागांची अदलाबदल करतात. इथे पहिला भाग आठ मापांचा, दोनदा वाजणारा, आणि दुसरा सोळांचा. दुसऱ्याची आठच मापं ताडली तर निम्मा भाग हातातून सुटतो.

२००० वर्षं? व्हायोलिनच १६ व्या शतकातलं, इटलीतलं. पुढे जाऊ.

बंदीचं म्हणाल तर १३६६ च्या किल्केनीच्या कायद्याने इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश गायक-वादक घरी घ्यायला मनाई केली होती, हे खरं. पण इंग्रज लेखक आर्थर यंग १७७६ ते १७७९ दरम्यान आयर्लंड फिरला, आणि १७८० च्या त्याच्या प्रवासवर्णनात गरिबांच्या जवळजवळ प्रत्येक झोपडीत नाच चालतो असं आहे. नृत्यशिक्षक पायपर (बॅगपाइप वाजवणारा) किंवा आंधळा फिडलवाला घेऊन दारोदार फिरत, तिमाही फी सहा पेन्स. कॅथलिकविरोधी कायदे तेव्हा पुस्तकात होतेच. घरगुती नाचांवर पुढे खरा घाला आला तो १९३५ च्या डान्स हॉल कायद्यानंतर, आणि तो कायदा आयरिश सरकारचाच.

राहिलं ४३२. आज ‘ए’ सहसा ४४० वर लावतात. रेकॉर्ड मिनिटाला ७८ ऐवजी ७६.६ फेरे फिरली की ४४० चे ४३२ होतात. फॉरवर्डवाल्याने ग्रामोफोनची चावी नीट दिली नसावी.