शिरांमधलं रक्त ‘अशुद्ध’ नसतं

हृदयाची लाल-निळी आकृती आणि तिच्याखाली मजकूर: ‘धमन्यांत शुद्ध लाल रक्त, शिरांत अशुद्ध निळं रक्त. हे निळं रक्त साचतं म्हणून त्वचारोग आणि थकवा येतो. शीर कापली तर घाबरू नका, घाणच बाहेर पडते. अधूनमधून शिरेतून रक्त काढा, शरीर स्वच्छ राहील. अंगठीच्या बोटातली शीर मात्र थेट हृदयाला जाते.’ हा संदेश अजूनही फिरतोय. पहिलं वाक्य शाळेत शिकल्यासारखं वाटतं, म्हणून पुढचं सगळंही खपून जातं. तेव्हा सुरुवात त्या पहिल्या वाक्यापासूनच करू.

‘धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध.’ धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, शीर म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी. फरक दिशेचा आहे, आत काय वाहतं याचा नाही. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणारी फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते, आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या चार फुप्फुस शिरा ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणतात. संदेशाचा नियम इथे सरळ उलटा होतो. गर्भाच्या नाळेतही तेच: बाळाला ऑक्सिजन पोचवते ती शीर, आणि त्याच्याकडचं वापरलेलं रक्त परत नेतात त्या दोन धमन्या.

बरं, ‘शुद्ध’ म्हणजे टाकाऊ पदार्थ नसलेलं असं धरलं तर? मग मूत्रपिंड पाहा. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांच्या धमन्यांतून आत जातो. तिथे युरिया गाळला जातो आणि रक्त शिरेतून बाहेर पडतं. म्हणजे इथे शिरेतलं रक्त धमनीतल्यापेक्षा स्वच्छ. आतड्यांकडून यकृताकडे जाणारी पोर्टल व्हेन तर जेवणानंतर साखर आणि अमिनो आम्लांनी भरलेली असते. तिला अशुद्ध कसं म्हणायचं?

उरला कार्बन डायऑक्साइड. शिरेतल्या १०० मिलिलिटर रक्तात तो साधारण ५२ मिलिलिटर असतो. धमनीतल्या ‘शुद्ध’ रक्तात? सुमारे ४८. तिथे ऑक्सिजन २० मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे शुद्ध म्हटलेल्या रक्तातही कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या दुपटीहून जास्त. आणि तो हवाच, कारण रक्ताची आम्लता काबूत ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

‘निळं रक्त.’ तपासणीसाठी दंडाला पट्टा बांधून रक्त काढतात ते शिरेतलंच. नळीत पाहा, गडद लाल दिसेल. विश्रांतीत असताना या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चारपैकी जवळजवळ तीन जागा ऑक्सिजनने भरलेल्याच असतात. शीर निळसर दिसते ती त्वचेमुळे: निळा प्रकाश वरच्यावरच विखुरून परततो, लाल प्रकाश खोल जातो आणि शिरेवर पोचला की तिथल्या रक्तात बराचसा शोषला जातो. आकृतीतला निळा रंग ही छपाईची सोय आहे.

अंगठीच्या बोटाचं लगेच उरकू. सगळ्याच बोटांच्या शिरा हातावरच्या जाळ्यात मिळतात, तिथून दंड, काख, गळपट्टीच्या हाडामागची शीर आणि ऊर्ध्व महाशिरा असा प्रवास करून हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, येतात. अनामिकेला वेगळा रस्ता नाही.

‘शिरेत रक्त साचतं.’ यात मात्र अर्धं तथ्य आहे, म्हणून जरा थांबायला हवं. विश्रांतीत शरीरातलं साधारण दोन-तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असतं. ते साचलेलं नसतं, पुढे सरकत असतं, पण कमी दाबाने. महाधमनीत दाब १२०/८०च्या आसपास, तर महाशिरा हृदयाला मिळते तिथे तो शून्याच्या जवळ. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू शिरा दाबतात म्हणून, आणि आतल्या झडपा त्याला खाली परतू देत नाहीत म्हणून. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात रक्ताभिसरण मांडताना पुराव्यादाखल हातावरच्या शिरा बोटाने दाबून हाच एकेरी प्रवाह दाखवला होता. तुम्हीही करून पाहू शकता.

या झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, घोट्याजवळची त्वचा काळवंडते, खाजते, कधी जखम होते. म्हणजे त्वचेचा त्रास होतो हे खरं. पण तो वाढलेल्या दाबाने होतो, घाणीने नाही. त्यावर दाब देणारे मोजे किंवा खराब शीर बंद करणं असे उपचार आहेत. झडपांची गंमत शल्यचिकित्सकांना चांगली ठाऊक असते: हृदयाच्या बायपाससाठी पायातली शीर काढून धमनीच्या जागी जोडतात, तेव्हा ती उलटी फिरवून लावतात, नाहीतर तिच्याच झडपा वाट अडवतील. तीच शीर आता धमनीचं काम करते आणि तिच्यातून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं.

‘शीर कापली तर घाबरू नका.’ संदेशातली सर्वांत घातक ओळ हीच. धमनीतून रक्त ठोक्यागणिक उसळतं, शिरेतून सलग वाहतं. वाहून गेलं की दोन्हीकडून जीव जाऊ शकतो. फुगलेली शीर फुटूनही माणसं दगावली आहेत. मानेची मोठी शीर कापली तर हवा आत ओढली जाण्याचा धोका वेगळाच. स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट, न सोडता दाब द्यायचा, पायाची जखम असेल तर माणसाला आडवं करून पाय वर धरायचा आणि तातडीची मदत बोलवायची.

‘रक्त काढून टाका.’ मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि विश्रांतीतही हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच पुढे ढकलतं. आत्ता शिरेत असलेलं रक्त मिनिटभरात धमनीत पोचलेलं असतं. मग नुसतं ‘अशुद्ध’ काढणार कसं? जाईल ते सगळ्यांत फिरणारं एकच रक्त, सोबत त्यातलं लोह. शरीरात लोह किंवा तांबड्या पेशी फाजील वाढण्याच्या काही आजारांत डॉक्टर मोजून रक्त काढतात, पण तो त्या आजाराचा उपचार आहे, साफसफाई नव्हे. आणि रक्तपेढीतली पिशवी कुठून भरते? कोपराच्या खोलगट भागातल्या शिरेतून. ज्याला संदेश घाण म्हणतो, तेच रक्त चढवून शस्त्रक्रियेतल्या रुग्णाचा जीव वाचवतात.