व्हायरसच्या कॉप्या घरच्या घरी बंद करा

पहिला नियम पाठ करा, बातमीचं पहिलं वाक्य वाचायचं आणि दुसरं सोडून द्यायचं. पहिल्यात असतं की अमुक झाडपाल्यातल्या घटकाने व्हायरसची वाढ रोखली, दुसऱ्यात असतं की लॅबमध्ये, डिशमधल्या पेशींवर, आणि तिथवर पोचलात की फॉरवर्ड करायचा मूडच जातो.

तरी एखाद्या भोचक भाच्याने विचारलंच की रोखली म्हणजे नक्की काय केलं, तर घाबरू नका, थोडं सायन्स फेकायचं. व्हायरसकडे स्वतःची प्रोटीनं बनवायची सोय नसते, तो पेशीत घुसून तिच्याच रायबोसोमवर, म्हणजे प्रोटीनं बनवणाऱ्या यंत्रावर, काम उरकून घेतो. कोरोनाचं घ्या, आधी लांबलचक प्रोटीन बनतं, प्रोटीएज नावाची कात्री त्याचे तुकडे पाडते, मग त्यातलं पॉलिमरेज नावाचं कॉपी मशीन आरएनएच्या, म्हणजे व्हायरसच्या जनुकीय मजकुराच्या, कॉप्या काढत सुटतं. वनस्पतीतला एखादा रेणू यातल्या कुठल्याही पायरीवर आडवा येऊ शकतो. हे सगळं खरं आहे बरं का, आणि म्हणूनच तुमच्या कामाचं आहे, कारण खऱ्याच्या पाठीवर बसवलेली थाप लांब जाते.

पेशी कुणाच्या होत्या ते मात्र बोलू नका. बऱ्याचदा त्या व्हेरो पेशी असतात, १९६२ मध्ये जपानात आफ्रिकन ग्रीन माकडाच्या किडनीपासून वाढवलेल्या. त्यांना इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरस आला की पेशी सोडते तो धोक्याचा इशारा, बनवता येत नाही, म्हणजे वॉचमन सुट्टीवर गेलेली सोसायटीच, व्हायरस मजेत वाढतो म्हणून लॅबवाल्यांना सोयीच्या. क्लोरोक्वीनने याच पेशींमध्ये कोरोना अडवला होता, आणि २०२० मध्येच माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींवर करून बघितलं तर काही उपयोग झाला नाही. असले किस्से फॅमिली ग्रुपवर कशाला.

आता हळद. तिच्यातलं करक्युमिन हे पिवळं द्रव्य डिशमध्ये बऱ्याच व्हायरसवर चालतं, पण ते स्वतःच चमकतं आणि दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, त्यामुळे टेस्टमध्ये खोटे सिग्नल देतं, असं २०१७ मध्ये औषधांवर काम करणाऱ्या केमिस्ट लोकांनी सविस्तर लिहून ठेवलंय. लिहू दे. डिशमध्ये औषध थेट पेशींवर ओततात, तुमच्या दुधातल्या हळदीला आधी आतडं आणि लिव्हर पार करावं लागतं, आणि तिथेच तिचं बरंचसं आटपतं. इथे कुणी अडवलं की मिरी काढायची! १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन दिलं तर रक्तात जवळजवळ काहीच सापडेना, सोबत मिरीतलं पिपरीन २० मिलिग्रॅम दिलं तर प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. हा २००० चा आकडा बोल्ड करा. जवळजवळ काहीच नाही, त्याची वीसपट किती होते ते कोण मोजत बसलंय, आणि हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे त्या २ ग्रॅमसाठी ६०-७० ग्रॅम हळद लागेल हा हिशोब तर अजिबात घालू नका, दूध कमी पडेल.

कुणी म्हणेल, अहो पण टॅमिफ्लू हे फ्लूचं औषध चक्रीफुलापासूनच बनायचं ना? हो, २००५ च्या बर्ड फ्लूच्या भीतीत त्याची टंचाईसुद्धा झाली होती. फक्त फुलातलं शिकिमिक ॲसिड स्वतः औषध नाही, त्यावर कारखान्यात भरपूर रासायनिक उठाठेव केली की औषध होतं, आणि तेही कॉप्या थांबवत नाही, तयार व्हायरसला पेशीतून सुटू देत नाही. तुम्ही आपलं बिर्याणीत दोन फुलं जास्त टाका आणि मास्क काढा.

उरला साइड इफेक्टचा प्रश्न, तर नॅचरल गोष्टीला तो नसतोच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली नसेल म्हणाले. यातला आक्षेप तेवढा फॉरवर्ड करा. आणि नाक्यावरच्या टपरीवरून आणलेली वेल गुळवेलच आहे ना, हे विचारायच्या भानगडीत पडू नका, विकणारा बिचारा दुखावतो. पुढेमागे डोळे पिवळे दिसायला लागले आणि डॉक्टरांनी विचारलं की काकू, काही औषधं चालू आहेत का, तर बिनधास्त नाही म्हणा, काढा काय औषध असतो का.