पीक उपटा, तण राखा

सर, मुख्याध्यापक झाल्याबद्दल अभिनंदन. गळ्यातला हार वाळायच्या आत वरून पत्र येईल : जुने अभिलेख स्कॅन करावेत, अनावश्यक अभिलेख नष्ट करावेत, अनुपालन अहवाल तीन दिवसांत सादर करावा. घाबरू नका. लिपिकाच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. ती अगदीच वाया जाऊ नयेत म्हणून चार गोष्टी सांगतो.

दप्तरी भाषेत या कामाला ‘निंदणीकरण’ म्हणतात. शब्द शेतातला. निंदणी म्हणजे तण उपटायचं, पीक राखायचं. हा शब्द फायलीत आणणारा शेतकऱ्याचाच मुलगा असावा, पण शाळेच्या कपाटासमोर तो कधी उभा राहिला नसावा. कारण कपाट उघडलं की आधी अंगावर येतं ते पीकच, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं जनरल रजिस्टर.

नियमाने कागदांचे वर्ग चार. अ कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा किंवा पाच, ड फक्त वर्षभर. जनरल रजिस्टर कायमचं. पण ते जाडजूड, बांधणी सुटलेलं आणि वाळवीचं लाडकं. उलट दप्तर लावायच्या सहा गठ्ठे पद्धतीत नष्ट करायच्या कागदांचा एक वेगळा गठ्ठा असतो, आणि आपल्या शाळेतला सगळ्यात दीर्घायुषी गठ्ठा तोच. २००४ सालच्या वक्तृत्व स्पर्धेची उरलेली निमंत्रणं त्यात अजून सुखरूप आहेत. तेव्हा कपाटात जागा करायची तर रजिस्टरच काढावं लागणार. ते आधी स्कॅन केलेलं असलं की मन खात नाही, एवढाच स्कॅनिंगचा उपयोग.

स्कॅनर मागवू नका. चौकातल्या झेरॉक्सवाल्याचा पोरगा पानामागे दोन रुपये घेऊन मोबाइलवर करून देतो. प्रत्येक पानावर त्याचा अंगठा येतो, तो साक्षांकन समजावा. रजिस्टर पुरतं उघडलं तर शिवण तुटते, म्हणून त्याने ते अर्धंच उघडलं तर रागावू नका. शिवणीच्या घडीत एखादाच रकाना जातो. फायलींना नावं द्यायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. स्कॅन००१ पासून स्कॅन२३४७ पर्यंत नावं मोबाइल आपणहून देतो. साल आणि दाखल क्रमांक घालून नाव दिलं की नोंद सापडते, आणि नोंदी सापडायला लागल्या की माणसं रोज यायला लागतात.

मग सगळं एका सीडीवर उतरवून सीडी कपाटात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ७ सांगतं की इलेक्ट्रॉनिक रूपात जपलेला अभिलेख चालतो, फक्त तो पुढेही पाहता आला पाहिजे. आपली सीडी पाहता येते. दोन्ही बाजूंनी. नव्या संगणकाला ती घालायला खाच नाही, हा संगणकाचा दोष. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला गावोगावची दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणारे शोधून आणले होते आणि पणजोबांच्या काळची शाई त्यांनी वाचली. आपली २००९ सालची सीडी वाचणारा जाणकार मात्र अजून तालुक्यात कोणाला भेटलेला नाही.

पिकाची सोय झाली, आता तणाकडे वळू. ते जिवापाड जपायचं असतं. मुलांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचे दाखले, आईवडिलांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीचे नामंजूर अर्ज. वरून निरोप येतो, ‘माहिती आज पाचपर्यंत, अर्जंट.’ आपण एक्सेल शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर बदलून गेलेले शिक्षक आहेत, निवृत्त झालेले आहेत, एक तर स्वर्गवासी आहेत आणि त्यांचा फोन आता नातू वापरतो. शाळेचं ईमेल खातं जुन्या गुरुजींनी त्यांच्या नंबरावर उघडलेलं, त्यामुळे ओटीपी लागला की आपण अजून त्यांच्या सूनबाईंना फोन करतो. इतक्या घरांत इतक्या प्रती असलेलं दुसरं काही या शाळेकडे नाही. स्मरणिकासुद्धा नाही.

आता कोणी शहाणा तुम्हाला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवेल. माहिती ज्या कामाला घेतली ते काम संपलं की, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली नसेल तर, पुसून टाकायची. अठरा वर्षांखालचं प्रत्येक पोर त्यात बालक, म्हणजे आपला सगळा पटच. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. सर, आपल्या सादिलात, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशात, विजेचं बिल निघत नाही. एवढा दंड कोणी मागितला तर निदान शाळेचं नाव तरी होईल. तरीही पुसायचंच असेल तर फाइल डिलीट करून रिसायकल बिनमध्ये ठेवा आणि संगणक निर्लेखनात, म्हणजे भंगारात काढा, हार्ड डिस्कसकट. डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी असतात. भंगारवाला ती जपेल.

शेजारच्या केंद्रातल्या एका बाईंच्या नादी मात्र लागू नका. त्यांनी रजिस्टरं ३०० डीपीआयवर, म्हणजे अक्षर स्वच्छ उठेल अशी, स्कॅन केली, पानं मोजून ताळा घातला, तीन प्रती केल्या, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवली. दर जूनमध्ये उघडून बघतात म्हणे. आणि एवढं करूनही मूळ रजिस्टर कपड्यात बांधून ठेवलंय. ड वर्गाचे कागद त्यांनी यादी करून, सह्या घेऊन फाडले. परिणाम काय? दाखला पाच मिनिटांत मिळतो. लोक त्यांना साहेब म्हणत नाहीत, नुसतं ‘बाई’ म्हणतात.

आपल्याकडे गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली होती. आजोबा १९५८ साली इथे चौथीत होते. इतर मागासवर्गाच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणून त्यांची नोंद हवी होती. रजिस्टर रद्दीत गेलेलं. झेरॉक्सवाल्याच्या जुन्या मोबाइलमध्ये मात्र ते पान निघालं. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, वर्तणूक चांगली, सगळं वाचता येत होतं. घडीत गेलेला रकाना जातीचा होता. ती बराच वेळ तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत राहिली. मी पंखा वाढवला.

अशा वेळी द्यायचं उत्तर मी टाइप करून ठेवलंय, फक्त नाव बदलायचं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून, मूळ अभिलेख स्कॅन झाल्याने नष्ट करण्यात आला आहे. स्कॅन प्रत अस्पष्ट असल्याने मूळ अभिलेखावरून खातरजमा करावी.’ खाली सही, गोल शिक्का. जावक क्रमांक मात्र आठवणीने घाला. पुढेमागे कोणी विचारलं तर हे पत्र लगेच सापडेल. जावक रजिस्टर आपण अजून स्कॅनला दिलेलं नाही.