कंपनी करकपात: ‘फायदा सगळ्यांनाच झाला’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब

“सरकारने कंपन्यांचा कर कमी केला. कंपन्यांनी कारखाने काढले, नोकऱ्या आल्या, पगार वाढले आणि उलट सरकारचा महसूलही वाढला. शेअर तर सामान्य माणसाकडेही आहेत. मग तोटा कुणाचा झाला?”

२०१९ च्या करकपातीविषयी हा युक्तिवाद सारखा फिरत असतो. त्यातलं एकेक वाक्य तपासू, पण त्याआधी नेमकं काय झालं ते पाहू. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. अधिभार आणि उपकर (मूळ करावर लागणारे जादा कर) धरून मोठ्या कंपनीचा दर ३४.९४ चा २५.१७ टक्के झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरनंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १७.१६ टक्के ठरला. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. सेन्सेक्सने त्या दिवशी १,९२१ अंकांची उडी मारली. फायदा कुणाला, हे बाजाराला तेव्हाच कळलं होतं म्हणायचं.

“कंपन्यांना दिलासा”, पण कुठल्या कंपन्यांना? त्याच वर्षीच्या जुलैच्या अर्थसंकल्पात ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा मूळ दर आधीच २५ टक्के केला होता. यात ९९.३ टक्के कंपन्या येतात, असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं होतं. म्हणजे सप्टेंबरच्या कपातीचा खरा घास उरलेल्या ०.७ टक्क्यांसाठी होता. आकडे मांडून बघा. ८० लाख नफ्याच्या छोट्या कंपनीला अधिभार लागत नव्हता. उपकरासह दर २६ टक्के, कर २० लाख ८० हजार. सप्टेंबरच्या नव्या पद्धतीत मात्र नफा कितीही असो, १० टक्के अधिभार सरसकट. त्यामुळे दर २५.१७ आणि कर सुमारे २० लाख १३ हजार. बचत साधारण ६६ हजार रुपये. १०० कोटी नफ्याच्या मोठ्या कंपनीची बचत ९ कोटी ७७ लाख.

शिवाय हा दर आपोआप लागत नाही. विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०-आयसी ऑनलाइन भरावा लागतो, आणि एकदा हा पर्याय घेतला की मागे फिरता येत नाही. पहिल्याच वर्षी अनेक कंपन्यांनी विवरणपत्र वेळेत भरलं, फॉर्म मात्र राहिला, आणि जुन्या दराने कराची मागणी येऊन पडली. शेवटी प्रत्यक्ष कर मंडळाला २०२२ मध्ये परिपत्रक काढून उशीर माफ करावा लागला.

आणि जे कंपनीच नाहीत त्यांचं काय? इचलकरंजीतला यंत्रमागवाला किंवा कोल्हापुरातला फाउंड्रीवाला भागीदारीत धंदा करत असेल, तर भागीदारी संस्थेला आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) दर ३० टक्के होता तो ३० टक्केच राहिला. उपकरासह ३१.२. समोरची हजार कोटींची कंपनी २५ टक्क्यांत सुटते, हा त्याहून जास्त दराने भरतो.

“कर वाचला की कंपन्या कारखाने काढतात.” इथे जरा थांबू, कारण गोम इथेच आहे. दरकपात जुन्या यंत्रांवर कमावलेल्या नफ्यालाही लागू होते. त्यासाठी नवा एक बोल्टही विकत घ्यावा लागत नाही. उलट नवा दर घ्यायचा तर नव्या यंत्रावरचा २० टक्के जादा घसारा (यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट) सोडावा लागतो. समजा उत्पादक कंपनीने १० कोटींचं यंत्र घेतलं आणि पहिल्या वर्षी किमान १८० दिवस चालवलं. जुन्या पद्धतीत घसारा १५ अधिक २० टक्के, म्हणजे साडेतीन कोटी, ३४.९४ टक्क्यांनी कर वाचला १ कोटी २२ लाख. नव्या पद्धतीत घसारा दीड कोटी, कर वाचला जेमतेम ३८ लाख. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतो हे खरं, पण यंत्र घेताना रोख लागते ती आज. थोडक्यात, जुन्या नफ्याला बक्षीस आणि नव्या यंत्राची सवलत कमी.

मुळात तेव्हा अडलं होतं ते मागणीपाशी. २०१९-२० च्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत कारखान्यांच्या क्षमतेचा वापर ७० टक्क्यांखाली होता. असलेली यंत्रंच रिकामी असताना नवी कोण घेईल? कपातीचा पैसा कर्ज फेडण्यात, रोख शिल्लक आणि इतर चालू मालमत्ता वाढवण्यात गेला, भांडवली खर्चाचं चक्र सुरू करण्यात नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालातच नोंदवलं आहे. १७.१६ टक्क्यांची सवलत तरी नव्या कारखान्याला बांधलेली होती. तिची बाजू घेता येते. पण उत्पादन सुरू करण्याची मुदत वाढवून ३१ मार्च २०२४ केली, आणि त्यानंतरच्या कारखान्यांसाठी ती संपली.

“पगार वाढले.” पगार हा कंपनीचा खर्च, तो नफा काढण्याआधीच वजा होतो. दर ३४.९४ असताना १०० रुपये पगारवाढीचा कंपनीवर करानंतरचा बोजा ६५ रुपये होता. आता तो ७५ आहे. म्हणजे पगारवाढ कंपनीला आधीपेक्षा महागच पडते. गुंतवणूक वाढून, उत्पादकता वाढून कालांतराने कामगारापर्यंत काही झिरपतं, हा अर्थशास्त्रातला मुद्दा अगदीच खोटा नाही; पण त्यासाठी आधी गुंतवणूक व्हावी लागते. सरकारचंच २०२४-२५ चं आर्थिक सर्वेक्षण सांगतं की २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार १.५ टक्क्यांनी.

“महसूल तर वाढलाच ना!” रुपयांत वाढला, कबूल. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६.६३ लाख कोटी होता, पुढच्या वर्षी ५.५७ लाख कोटींवर घसरला. हे खापर कोरोनावर फोडतात, पण त्या आर्थिक वर्षात टाळेबंदी आली ती शेवटच्या आठवड्यात. २०२३-२४ मध्ये आकडा ९.११ लाख कोटी झाला. पण महागाई आणि वाढ धरून अर्थव्यवस्थाही फुगलीच की. जीडीपीच्या तुलनेत हा कर साडेतीन टक्क्यांवरून तीनच्या आसपास आला, तेही कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांच्या उच्चांकावर असताना. त्याच पाच वर्षांत व्यक्तींचा आयकर पावणेपाच लाख कोटींवरून दहा लाख कोटींच्या वर गेला. हा आयकर आता कंपनी करापेक्षा जास्त आहे.

शेअरच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. बाजारातल्या एकूण शेअरमूल्यात प्रवर्तकांचा (कंपनीच्या संस्थापक-मालकांचा) वाटा निम्म्याच्या आसपास, त्यानंतर देशी आणि परदेशी संस्था. व्यक्तींनी थेट घेतलेले शेअर दहा टक्क्यांच्या आत.

राहिला प्रश्न तोटा कुणाचा. कंपनी कराच्या मूळ दरातून येणाऱ्या पैशाची राज्यांशी वाटणी होते. अधिभार आणि उपकर केंद्राकडेच राहतात. वरच्याच १०० कोटी नफ्याच्या कंपनीचा मूळ कर ८ कोटींनी घटला. राज्यांचा वाटा ४१ टक्के धरला, तर त्यांचे ३ कोटी २८ लाख गेले. म्हणजे कंपनीच्या बचतीतला एक तृतीयांश राज्यांच्या खिशातून. केंद्र-राज्य वाटणी ठरवणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ठरवलेल्या ६.३१७ टक्क्यांनी त्यात महाराष्ट्राचे जवळपास २१ लाख, त्या काळात दर वर्षी, एका कंपनीमागे. घोषणा झाली ती पणजीत, जीएसटी परिषदेच्या दिवशी सकाळी. राज्यांचे अर्थमंत्री त्या बैठकीसाठी गोव्यातच होते. हा विषय मात्र त्यांच्यापुढे नव्हता.