थकबाकी नाही

माझ्या सीव्हीत भोक आहे, असं मला परवा लेखी कळवण्यात आलं.

नॉर्थ डकोटातल्या एका छोट्या इस्पितळात हिवाळ्यापुरतं इमर्जन्सीचं लोकमचं, म्हणजे बदली माणसाचं, काम ठरलं होतं. दर उत्तम, विमान त्यांचं, गाडी त्यांची, खोली त्यांची. मग ही कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या क्रेडेन्शियलिंगवाल्या, म्हणजे कागदपत्रं तपासणाऱ्या, बाईंची ईमेल आली. पीएचं (फिजिशियन असिस्टंट: डॉक्टर नाही, पण पेशंट तपासते, औषधं लिहिते) शिक्षण संपलं त्या तारखेपासून पहिल्या नोकरीपर्यंत तीस दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामा दिसतो, तेव्हा कुठे होतात ते लिहा आणि ते खरं असल्याचं सांगणारी, नात्यात नसलेली एक व्यक्ती द्या.

कुठे असणार? सांगलीला, भावाच्या लग्नात. पण त्या लग्नात नात्यात नसलेली व्यक्ती म्हणजे केटरर, आणि त्याचं आमच्या वडिलांशी बासुंदीवरून वाजलेलं. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरीकाका आठवले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सज्जन, इंग्रजी पत्रव्यवहाराची हौस. त्यांना फॉर्म पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल. माझ्याकडे पहाटेचे साडेपाच. पडद्यावर काकांचा एक कान आणि पंखा.

"अगं, पाचवा प्रश्न बघ. अर्जदाराचं क्लिनिकल जजमेंट. उत्कृष्ट, चांगलं, बरं, सांगता येत नाही. काय लिहू?"

"सांगता येत नाही, असं लिहा काका."

"असं कसं? हळदीच्या दिवशी तू माझं बीपी बघितलं होतंस. एकशे साठ, शंभर. मीठ कमी करा म्हणालीस. मी केलं. लिहितो उत्कृष्ट."

"काका, ते बीपीचं अजिबात लिहू नका. माझं तेव्हा लायसन्स नव्हतं."

"बीपी बघायला लायसन्स? आमचा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बघतो. बरं, सातवा. मद्य किंवा अमली पदार्थांच्या सेवनासंबंधी काही आढळले काय. आता वरातीत तुझा मामेभाऊ..."

"माझ्याबद्दल विचारलंय, काका."

"मग तसं स्पष्ट विचारायला हवं. प्रश्न मोघम आहे. आमच्या खात्यात असा फॉर्म शेरा मारून परत पाठवला असता."

फॉर्म आला तो सोसायटीच्या लेटरहेडवरच्या पत्रासकट. 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न'पासून सुरुवात, वर जावक क्रमांक, नोंदणी क्रमांक, खाली सहीवर अर्धा चढलेला जांभळा गोल शिक्का. आणि सहीच्या वर शेवटची ओळ: सदर व्यक्तीकडे सोसायटीची कोणतीही थकबाकी नाही.

बाई खूश! गॅपचा इतका अधिकृत पुरावा त्यांनी म्हणे कधी पाहिला नव्हता. फक्त ही सरकारची नेमकी कुठली शाखा, एवढं त्यांना हवं होतं. मी 'हाउसिंग' असं कळवलं. खोटं काय आहे त्यात?

हसून घ्या. पण या पत्रापत्रीत इस्पितळाच्या क्रेडेन्शियल्स कमिटीची बैठक निघून गेली. ती महिन्यातून एकदा भरते, त्यानंतर कागद मेडिकल स्टाफकडे, मग बोर्डाकडे. तात्पुरती प्रिव्हिलेजेस, म्हणजे त्या इस्पितळात पेशंट बघायची परवानगी, देतात, साधारण १२० दिवसांपर्यंत, पण फाईल पूर्ण असेल तरच. माझी फाईल काकांपाशी अडलेली. पुढे ढकललेल्या आठवड्यांचे पैसे कुणीही देत नाही. आणि ज्या माणसाला रात्री तीन वाजता एकटीच्या भरवशावर ट्रॉमा सोपवायचा, तिची खात्री सांगलीच्या सोसायटीकडून करून घ्यायची, हे कुणाला विचित्रही वाटत नाही.

ही पैसेवाली कामं असतात कुठे, असं मंडळाच्या पॉटलकला लोक मला कानाशी येऊन विचारतात, जणू सोन्याचा भाव विचारताहेत. जिथे कुणी राहायला तयार नाही तिथे असतात. क्रिटिकल ॲक्सेस इस्पितळ म्हणजे जास्तीत जास्त २५ खाटा, आणि दुसरं इस्पितळ सहसा ३५ मैलांपलीकडे. तिथे जानेवारीत डॉक्टर मिळत नाही, म्हणून पीएला दर चढतो. नॉर्थ डकोटाने २०१९ साली पीएचा सुपरवायझिंग डॉक्टरशी करार असण्याची अट बरीचशी काढून टाकली, वायोमिंगनेही २०२१मध्ये सैल केली. अशा राज्यांत इस्पितळाची एक डोकेदुखी कमी होते. एजन्सीखेरीज थ्री-आर-नेट या वेबसाइटवर ग्रामीण भागातल्या जागा थेट लागतात. थेट करार केला तर एजन्सीचा गाळा वाचतो, पण मालप्रॅक्टिसचा विमा आणि तिकिटं तुमच्या गळ्यात.

रिक्रूटरचे मेसेज गावाचं नाव कधीच सांगत नाहीत. 'निसर्गरम्य मिडवेस्ट' एवढंच. निसर्गरम्य म्हणजे विमानतळापासून तीन तास, आणि भाड्याच्या गाडीच्या जाळीतून बाहेर लोंबणारी, इंजिन गरम ठेवणारी एक वायर. ती रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. पहिल्याच ईमेलमध्ये त्यांना लिहून टाकावं: मला विचारल्याशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवायचा नाही. दोन एजन्स्यांनी एकाच इस्पितळाला तुमचं नाव दिलं की कमिशन कुणाचं यावरून त्यांची जुंपते, आणि इस्पितळ वैतागून तिसऱ्यालाच घेतं.

दराचं गणित तर कुणीच करत नाही. ताशी १०० डॉलर १०९९वर (स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) आणि ताशी ९० डॉलर डब्ल्यू-२वर (पगारी नोकर म्हणून), यात पहिला आकडा बघून लोक उडी मारतात. १०९९वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटाही आपणच भरायचा, म्हणजे डब्ल्यू-२च्या ७.६५ टक्क्यांऐवजी १५.३ टक्के. त्या दहातले सात तिथेच गेले. उरलेल्या तिनात आपला आरोग्यविमा, आणि पार्किंगमधल्या बर्फावर घसरून मनगट मोडलं तर वर्कर्स कॉम्पही, म्हणजे कामावरच्या दुखापतीची भरपाईही, नाही. उलट बाजूने १०९९वाल्याला खर्च वजा करता येतात, डब्ल्यू-२वाल्याला खिशातून केलेला खर्च २०१८पासून केंद्रीय करात वजा करता येत नाही. टॅक्स तिमाहीने: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. चारही तारखा ऐन शिफ्टमध्ये येतात, असा माझा ठाम समज आहे.

एजन्सी राहण्याजेवण्याचा भत्ता करमुक्त देते म्हणाली, तर आधी आपलं टॅक्स होम, म्हणजे करखातं आपलं मूळ ठिकाण मानतं ते, कुठे ते बघावं. घरचं भाडं किंवा हप्ता खरोखर चालू नसेल, तर सगळा भत्ता करपात्र. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त राहणार असं दिसलं, की तेव्हापासून तोही करपात्र. चुलतभावाच्या तळघरात पलंग टाकून त्याला घर म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

करारात दर सोडून बाकी सगळं वाचायचं असतं. पेशंट कमी म्हणून दुपारी घरी पाठवलं तर किमान किती तासांचे पैसे पक्के? इस्पितळाने काम रद्द केलं तर किती दिवसांची नोटीस? साधारण तीस दिवस असते, पण कधी कधी ती फक्त तुम्हाला लागू असते, त्यांना नाही. ऑनकॉलचा पेजर दर (नुसतं तयार राहण्याचा) आणि बोलावल्यावरचा दर वेगळा लिहिलाय का? कॉम्प्युटर शिकण्याचे आठ तास पगारी की धर्मादाय? विमा क्लेम्स-मेड (दावा येईल तेव्हा चालू असेल तरच उपयोगी) असेल तर टेल, म्हणजे काम सुटल्यावर येणाऱ्या दाव्यांचं कव्हर, कोण भरणार? खटला तीन वर्षांनी येतो, तेव्हा रिक्रूटर तिसऱ्याच कंपनीत असतो.

लायसन्सचं वेगळंच. डॉक्टरांचा परवान्यांसाठीचा आंतरराज्य करार २०१७पासून चालू आहे, पण त्यात पीए नाहीत. आमच्या पीए कॉम्पॅक्टला, म्हणजे तशाच कराराला, लागणारी सात राज्यं २०२४मध्ये पूर्ण झाली, तेव्हा पेढे वाटले, आणि परवाने मात्र लगेच सुटले नाहीत. डीईएची, म्हणजे नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीची, नोंदणी राज्यागणिक, तीन वर्षांचे ८८८ डॉलर. जुन्या राज्यात आता काम करणार नसाल तर तीच नोंदणी नव्या पत्त्यावर फुकट बदलून मिळते, हे कुणी आपणहून सांगत नाही. आपल्याकडून आलेल्यांसाठी आणखी एक: टीबीची कातडीवरची टेस्ट घेऊ नका. दंडावरच्या बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्सरे, मग पत्रं. सरळ रक्ताची टेस्ट मागा, तिला बीसीजीने फरक पडत नाही.

एवढं सगळं पार पडून काम सुरू झालं तरी पैसे येतात ते टाइमशीटवर. रविवारी रात्री आठवडा बंद, सोमवारी दुपारपर्यंत इस्पितळातल्या कुणाची तरी सही. सही करायचा अधिकार असलेली मॅनेजर सोमवारी सुट्टीवर असते. चार्ज नर्स म्हणते माझा अधिकार नाही, डॉक्टर म्हणतात मला पासवर्ड माहीत नाही. सही चुकली की पगार पुढच्या आठवड्यावर. यावर शिक्का चालेल का, असं मी एजन्सीला विचारून ठेवलंय.