एक स्टार दिलेल्या गोव्यातल्या मोरजीच्या भाईंना आमचं उत्तर

भाई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, पण रागाच्या भरात काहीतरी लिहून जायला नको म्हणून झोपलो आणि आता सकाळी लिहितोय. तुम्ही म्हणताय होमस्टेच्या गुगल जाहिरातीसाठी आमच्याकडे तीन महिने पैसे भरले, गुगलवर स्वतः शोधलं तर होमस्टेची जाहिरात कुठेच नाही, पहिल्या नंबरचं गाजर दाखवलं, बुकिंग एकही नाही, म्हणजे ही फसवणूक. फसवणूक हा शब्द लागला मनाला. पण एक चूक खरोखर आमची आहे, ती पहिली सांगतो.

जाहिरात सुरू करताना आम्ही कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर ती दाखवायची ते शब्द, ब्रॉड मॅचवर ठेवले होते. म्हणजे नेमका तोच शब्द टाईप केला पाहिजे असं नाही, गुगलला अर्थ जवळचा वाटला तरी जाहिरात दाखवतं. असं ठेवलं की सर्च टर्म रिपोर्ट दोन दिवसाआड तरी उघडून बघावाच लागतो, लोक नेमकं काय टाईप करून आले ते त्यात कळतं, आणि तो आम्ही पहिले बारा दिवस उघडलाच नाही. तेवढ्यात मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं बघायला येऊ इच्छिणारे, हॉटेलात नोकरी शोधणारे, वर्षभरासाठी भाड्याने खोली हवी असलेले असे सगळे क्लिक करून गेले आणि प्रत्येक क्लिकचे पैसे तुमच्या खात्यातून गेले. तेराव्या दिवशी नोकरी, भाडं, कासव हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाकले, पण गेलेले पैसे गेलेच. त्या क्लिकचे 2,140 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 2,525 होतात. ते आज संध्याकाळपर्यंत तुम्हाला जीपेवर येतील, त्या महिन्याची आमची अर्धी फी पण. हे आम्ही तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं, तुम्हाला इथे वाचून कळतंय हे बरोबर नाही, माफ करा.

आता जाहिरात दिसत नाही त्याचं. भाई तुम्ही शोधताय मोरजीत घरी बसून, आणि जाहिरात लावलीय पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव इथे असलेल्या माणसांसाठी. तसं आपण ठरवूनच केलं, मोरजीतला माणूस मोरजीत खोली घेऊन राहणार नाही ना. त्यामुळे तुम्हाला ती दिसत नाही हेच बरोबर आहे. उलट दिसली असती तर जास्त वाईट, कारण तुम्ही आणि तुमचे भाचे रोज दहा वेळा शोधणार आणि क्लिक करणार नाही, म्हणजे जाहिरात दाखवली पण कोणी हात लावला नाही असा हिशोब तिकडे जमा होतो आणि क्लिकचं प्रमाण खाली येतं. बघायचीच असेल तर अकाउंटमध्ये ॲड प्रिव्ह्यू म्हणून टूल आहे, त्यात जागा पुणे टाकायची आणि बघायचं, ते बघणं हिशोबात धरलं जात नाही.

रोजचे 500 ठरलेले असताना एका दिवशी 870 कसे गेले हे पण तुम्ही लिहिलंय. गुगल एखाद्या दिवशी शोधणारे जास्त असले तर ठरलेल्याच्या दुपटीपर्यंत खर्च करतं आणि दुसऱ्या दिवशी कमी करतं, पण महिन्याला 30.4 पट, म्हणजे 15,200 च्या वर जाहिरातीचे घेत नाही. तुमचा एकही महिना त्याच्या वर गेलेला नाही, बिलं तुमच्या मेलवर आहेत.

पहिल्या नंबरचं वचन मात्र आम्ही दिलेलं नाही. देणार कसे, गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही आणि देणाऱ्यापासून सांभाळून राहा. जाहिरातीचे पैसे भरले म्हणून खालच्या फुकटच्या निकालात साईट वर येते असंही नसतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची साईट आधी ज्यांनी बनवली त्यांनी तिच्यावर नोइंडेक्स तसंच ठेवलं होतं, म्हणजे गुगलला सांगून ठेवलेलं की ही पानं निकालात घेऊ नको! ते आम्ही पहिल्याच आठवड्यात काढलं. एवढी वर्षं जी साईट गुगलच्या लेखी नव्हतीच ती तीन महिन्यांत वर यावी हे होत नाही भाई, त्याला वेळ लागतो.

आणि बुकिंगचं मनापासून सांगतो. क्लिक आले, पुण्याचे आले, बेळगावचे आले, फोनच्या बटणावर पण दाबलं त्यांनी. जुलैत आपण तुमच्या बाल्कनीत बसून तुमच्या फोनवरचे मिस्ड कॉल मोजले होते ते आठवतं? बहुतेक दुपारी एक ते चारमधले. ती आपल्याकडे जेवून पडायची वेळ, पण पुण्यातला माणूस ऑफिसच्या लंच ब्रेकमध्येच ट्रिप ठरवतो, आणि तुम्ही उचलला नाही की तो दुसऱ्या होमस्टेला लावतो. तेव्हाच मी म्हटलं होतं की एकतर त्या वेळेत जाहिरात बंद ठेवूया नाहीतर फोन वहिनींकडे द्या, तुम्ही बघूया म्हणालात आणि ते तसंच राहिलं. साईटवर खोलीचा रेट नाही, फोटो इतके जड की मोबाईलवर पान उघडेपर्यंत माणूस मागे जातो. आणि अजून तिथे दाबोळी विमानतळापासूनचंच अंतर आहे. मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुटतात, तुमच्याच पेडणे तालुक्यातून, आणि त्याचा साईटवर एक शब्द नाही! लोक मोपाजवळ राहायला काय आहे हेच शोधतात, ते तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

काम सुरू झालं ते पण पावसात, जूनच्या मध्याला. मी चतुर्थीनंतर सुरू करूया म्हणत होतो, तुम्हाला घाई होती, पण तुमची घाई मला समजते, बँकेचा हप्ता पावसात थांबत नाही.

आमच्याकडे काम ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. ॲड्सचं अकाउंट पहिल्या दिवसापासून तुमच्या जीमेलवर तुमच्याच नावाने आहे, उद्या दुसऱ्या कोणाला काम दिलंत तरी सगळा डेटा तुमच्याकडेच राहतो, आमचा ॲक्सेस तुम्ही स्वतः काढू शकता. फक्त निगेटिव्ह कीवर्डची यादी पुसू देऊ नका, ती तुमच्याच पैशांनी तयार झालीय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येताच, तेव्हा अर्धा तास ऑफिसात या, लॅपटॉप उघडून एकेक क्लिक दाखवतो. आणि हलके केलेले फोटो पेनड्राईव्हवर घालून ठेवलेत, काम सोडलंत तरी ते घेऊन जा, त्याचे पैसे नकोत.