मिश्रीलाही तंबाखूच म्हणा

हृदय कसं जपावं यावरच्या तुमच्या लेखात चालणं, मीठ-तेल, ताण यांवर छान लिहिलंय, पण धुराला एकच ओळ दिलीय. धुरातले पीएम २.५ चे कण, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, इतके बारीक असतात की फुप्फुसात खोलवर जातात आणि त्याचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपल्याकडे ती ४० आहे. आणि हा धूर फक्त रस्त्यावर नसतो.

माझ्या आईने उभ्या जन्मात विडी ओढली नाही. पण चाळीस वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली आणि रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावली. ५८व्या वर्षी अ‍ॅटॅक आला. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खातात का?" आम्ही भावंडं एका सुरात "नाही" म्हणालो. खोटं बोललो नव्हतो, मिश्रीला घरात कुणी तंबाखू धरतच नव्हतं!

आता पाणी तापवायची चूल अंगणात नेलीय. मिश्री सुटायला मात्र आठ महिने लागले. डबी लपवली की ती शेजारून मागून आणायची. गावात बीपी तपासायला येणाऱ्या ताईंनी बायकांना मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं, ही कळकळीची विनंती.